पाणी वाहते आहे तोवर

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी व्याख्याता नाही. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन गोवा सरकारच्या नोकरीला लागलेला साधा माणूस आहे. बंधारे, मोऱ्या, संरक्षक भिंती ही माझी रोजची कामे. त्यामुळे तुमच्या चिटणीसांनी फोन करून 'आर्थिक यश मिळवताना पाय जमिनीवर कसे ठेवावेत आणि इतरांना मदत कशी करावी' हा विषय सांगितला, तेव्हा मी म्हटले, "साहेब, यावर बोलायला एखादा उद्योगपती बोलवा." ते म्हणाले, "उद्योगपती आम्ही ऐकले आहेत. तुमच्या भागात पैसा आला कसा आणि गेला कसा, ते तुम्ही पाहिले आहे. तेच सांगा." म्हणून जे पाहिले तेच सांगणार आहे.

माझे गाव आमोणे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठावर. गावचे दैवत वेताळ. घरात बोलणे कोकणीत. आरती, पोथी आणि वर्तमानपत्र मराठीत. १९९२ साली गावात कच्च्या लोखंडाचा कारखाना सुरू झाला. पण त्याच्याही आधीपासून आमच्या भागाचे पोट शेती, बागायत आणि खाण या तिन्हींवर होते. डोंगरातून लोहखनिज काढायचे, ट्रकाने नदीकाठी आणायचे, बार्जमध्ये भरायचे आणि नदीवाटे मुरगाव बंदराकडे पाठवायचे. माझे वडील बार्जवरच कामाला होते.

अनेक वर्षे हा धंदा संथपणे चालला. माल मुख्यतः जपानला जायचा. २००० नंतर चीनने पोलादाचे कारखाने झपाट्याने वाढवले आणि आमच्याकडचा हलक्या प्रतीचा, एरवी कोणी विचारत नसलेला मालही खपू लागला. २०१०-११ या वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेले. एका ट्रकात १० टन धरले तर हे झाले ५० लाख ट्रक. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साधारण साडेचौदा लाख होती. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक माणसामागे तीन ते साडेतीन ट्रक डोंगर एका वर्षात निघून गेला. पाय जमिनीवर ठेवा असे आपण म्हणतो. आमच्याकडे जमीनच बार्जमध्ये बसून निघाली होती.

त्या दिवसांत पैसा कसा आला, हे तुम्हाला सांगितले पाहिजे. ज्याच्याकडे एक ट्रक होता त्याने दुसरा घेतला, मग तिसरा. कर्ज सहज मिळत होते. शेत पडीक टाकून मुलगा ट्रकवर बसला. शिकणारी मुले बारावीनंतर थांबली. कारण पदवीधराच्या पहिल्या पगारापेक्षा ड्रायव्हरची कमाई जास्त होती. मातीच्या घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. यात वाईट काही नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कुळे म्हणून राबलेल्या माणसांच्या हातात पहिल्यांदाच रोख पैसा खेळत होता. त्याला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही.

पण त्याच वेळी रस्त्यालगतची भातशेती लाल धुळीने माखत होती. काही वाड्यांवरच्या विहिरींचे पाणी खाली जात होते. ज्याचा ट्रक होता त्याला धूळ दिसत नव्हती, आणि ज्याचे शेत होते त्याला धुळीशिवाय काही दिसत नव्हते. दोघे एकाच वाड्यावरचे, एकाच देवळात पालखीला खांदा देणारे. पैसा आल्यावर माणूस पहिली गोष्ट विसरतो ती ही, की आपल्या कमाईचा काही खर्च शेजारी भरत असतो.

मग १० सप्टेंबर २०१२ हा दिवस आला. केंद्राने नेमलेल्या शाह आयोगाचा अहवाल तीनच दिवसांपूर्वी संसदेत मांडला गेला होता. राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही बंदीचा आदेश दिला. त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १९ सप्टेंबरला होती. पावसाळ्यात ट्रक तसेही उभेच असतात, त्यामुळे चवथीत कोणी फारशी काळजी केली नाही. पाऊस गेला की सुरू होईल, असे सगळे म्हणत होते. पाऊस गेला, दिवाळी गेली, शिगमोही गेला. २०१४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली, मध्ये काही काळ काम चालले. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे बंद पडले. अंगणात उभ्या ट्रकांच्या टायरांखाली गवत वाढलेले मी पाहिले आहे.

सरकारने ट्रकमालकांना साहाय्य दिले, कर्जदारांसाठी सवलतीची योजना आणली. तिचा उपयोगही झाला. पण एका गोष्टीचे मला कुतूहल वाटत राहिले. दोन घरांची कमाई सारखी, कर्ज सारखे, संकटही एकच. तरी एक घर कोसळले आणि दुसरे सावरले. असे का?

याचे उत्तर मला माझ्या कामात सापडले. ते सांगतो; फार तांत्रिक नाही.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही एप्रिलमध्ये अनेक गावांत विहिरी तळ गाठतात. कारण आमच्या नद्या आखूड आहेत. घाटातून निघाल्या की थोड्याच अंतरावर समुद्र. म्हणून ओढ्यांवर, लहान नद्यांवर आम्ही बंधारे बांधतो. पात्रात ठरावीक अंतरावर काँक्रीटचे खांब असतात आणि दोन खांबांमधल्या खाचांत फळ्या बसवायच्या असतात. पावसाळ्यात खाचा मोकळ्या. पाऊस ओसरला की फळ्या घालायच्या. पाणी अडते, आजूबाजूच्या जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात वरच्या वाड्यावरच्या विहिरीलाही पाणी राहते.

यात तीन नियम आहेत. पहिला, फळ्या पाणी वाहते आहे तोवरच घालाव्या लागतात. जानेवारीत ओढा आटल्यावर कितीही चांगल्या फळ्या आणा, त्यांचा उपयोग नाही. दुसरा, बंधारा भरला की जास्तीचे पाणी फळ्यांवरून पुढच्या गावाला गेले पाहिजे. सगळे पाणी मीच अडवीन म्हणणारा बंधारा टिकत नाही. आणि तिसरा, पुढच्या पावसाच्या आधी फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर पूर शेजारच्या शेतात शिरतो.

पैशाचे असेच आहे, असे मी अनुभवाने सांगतो. आपण म्हणतो, "एकदा स्थिरस्थावर होऊ दे, मग गावासाठी काहीतरी करीन." घर होऊ दे, मुलांची शिक्षणे होऊ देत, निवृत्ती होऊ दे. मी असे म्हणणारे बरेच पाहिले. 'मग' हा दिवस त्यांच्या आयुष्यात फार क्वचित उगवला. ज्यांनी मदत केली त्यांनी कमाई चालू असतानाच, पहिल्या पगारापासून वाटा काढला होता. तो वाटा लहान होता, पण ठरलेला होता. आणि गंमत अशी, की जी घरे असा वाटा काढत होती तीच घरे बंदीत सावरली. कारण ठरलेला वाटा बाजूला काढायचा तर आपली कमाई किती, खर्च किती, कर्ज किती, हे दर महिन्याला पाहावे लागते. दान देण्याची सवय आणि हिशेब ठेवण्याची सवय, दोन्ही एकाच घरात नांदतात.

आता जरा घरची गोष्ट. माझे वडील बार्जवर असल्यामुळे त्यांना भरती-ओहोटी कळत होती. मी नोकरीला लागलो त्या महिन्यात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पगार झाला की आधी माणसांचा वाटा काढ, उरलेल्यात घर चालव. दोन, सरकारी नोकर म्हणून लोक तुझ्याकडे जामीन राहायला येतील. जेवढे बुडाले तरी घरात भांडण होणार नाही, तेवढ्यालाच सही कर. त्याप्रमाणे मी एक वेगळे पासबुक उघडले. त्यात फार नसायचे, पण दर महिन्याला भर पडायची.

आणि वडिलांनी सांगितले तसेच झाले. खाणी जोरात होत्या तेव्हा माझ्या पगाराला कोणी विचारत नव्हते, पण माझ्या पगारपत्रकाला मात्र मोठी मागणी होती. शेजारचे एक गृहस्थ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ट्रकासाठी कर्ज काढत होते. जामीनदार दोन हवे होते. एक पलीकडच्या वाड्यावरचे शिक्षक, दुसरा मी. त्या रात्री मी आणि बायको कागद-पेन घेऊन बसलो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराकडे जाईल आणि मग आपल्याकडे येईल, असे काही नसते. बायकोने विचारले, "उद्या आपल्यावर आले, तर किती महिने भरू शकू?" मी म्हटले, "पासबुकातले धरून, शिक्षकांनी अर्धे भरले तर, वर्षभर." ती म्हणाली, "मग वर्षभरापुरते आपण त्यांचे आहोत, असे समजून सही करा."

बंदी आली, हप्ते थकले आणि नोटीस तिघांच्या घरी आली. अशा वेळी जामीनदार आणि कर्जदार एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, हे आमच्या भागात अनेक घरांत झाले. आम्ही तिघे आमच्या पडवीत बसलो. दादांनी सगळे कागद पुढे ठेवले. मग तिघेही मिळून बँकेत गेलो, हप्त्यांची मुदत वाढवून घेतली. अकरा महिने मी आणि शिक्षकांनी मिळून हप्ता भरला. पुढे ट्रक मिळेल त्या किमतीला विकला गेला. ती किंमत फार नव्हती, कारण सगळेच ट्रक विकायला निघाले होते. दादा पुन्हा बागायतीकडे वळले. नारळ, सुपारी, केळी. आमचे पैसे त्यांनी तीन वर्षांत थोडेथोडे करून फेडले. आम्ही मागितले नव्हते.

पण मला सांगायचे आहे ते पैशाचे नाही. त्या वर्षी चवथीच्या आधी दादांच्या घरच्या वहिनी आमच्याकडे यायच्या थांबल्या. दरवर्षी नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, दोन्ही घरच्या बायका एकत्र बसून करायच्या. एक दिवस आमच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे. हप्ते आम्ही भरतो आहोत, ही गोष्ट त्या माऊलीला आत टोचत होती. माझी बायको काही बोलली नाही. पिठाचा डबा आणि लाटणे घेऊन तीच त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या हातची कड दुमडल्याशिवाय माझ्या नेवऱ्या तेलात फुटतात." दोघी दुपारभर बसल्या. मी बँकेत भरलेल्या हप्त्यांपेक्षा ही मदत मोठी होती, असे मला आजही वाटते. मदत घेणाऱ्याला जर आपल्या दारात येताना मान खाली घालावी लागली, तर ती मदत महाग पडली असे समजावे. बंधाऱ्याचे पाणी जमिनीखालून विहिरीत जाते. ज्याची विहीर भरते त्याला ते कुठून आले हे कळतही नाही.

मित्रहो, आपल्या परंपरेत याची मोठी उदाहरणे आहेत. तुकोबांच्या घरात सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी लोकांच्या कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण तिच्यातला एक बारकावा आपण विसरतो. परंपरा सांगते, की त्यांनी आधी निम्मी खते धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा हिस्सा म्हणून दिली आणि फक्त आपल्या हिश्शाची बुडवली. हे मला फार महत्त्वाचे वाटते. दान द्यायचे ते आपल्या वाट्यातले. बायकोच्या दागिन्यांतून, भावाच्या हिश्शातून किंवा मुलांच्या फीमधून उदार व्हायचे नाही. घरच्यांना विश्वासात न घेता केलेली मदत फार दिवस टिकत नाही आणि घरात कडवटपणा ठेवून जाते.

आमच्याच भागातले दुसरे नाव दयानंद बांदोडकर, आमचे भाऊसाहेब. जन्म १९११ चा, पेडण्याचा. बहुजन समाजातला हा माणूस खाणधंद्यात पुढे आला. हाती पैसा आला तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. त्या काळातच गरजूंना आणि संस्थांना मदत करणारा माणूस म्हणून त्यांचे नाव झाले होते. गोवा मुक्त झाल्यानंतर, २० डिसेंबर १९६३ रोजी, ते पहिले मुख्यमंत्री झाले. १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. माझी आई अशाच एका शाळेत शिकली. तिच्या आईला सही येत नव्हती. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब मुख्यमंत्रिपदी असतानाच गेले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात, होतेही. पण त्यांच्या खाणीतून किती टन माल निघाला, हे आज आमच्या गावात कोणालाही सांगता येणार नाही. शाळा कोणी काढल्या, हे मात्र सगळे सांगतात. माणसाच्या मागे त्याच्या संपत्तीतले काय उरते, याचे उत्तर यातच आहे.

कोणी म्हणेल, ते खाणमालक होते, आमची ऐपत काय? त्यांच्यासाठी तिसरे उदाहरण. १४ सप्टेंबर १९१८ रोजी मुंबईत काही सारस्वत मंडळींनी एक लहानशी सहकारी संस्था काढली. उद्देश साधा होता. आपल्यातल्या अडलेल्या कुटुंबाला मुलीचे लग्न, आजारपण, जुन्या कर्जाची फेड अशा कामांसाठी तात्पुरते कर्ज मिळावे. त्यासाठी त्याला कोणाच्या दारात हात पसरावा लागू नये. तीच आजची सारस्वत बँक, देशातल्या मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. एकट्याने दिलेली मदत त्या माणसाबरोबर संपते. दहा जणांनी मिळून नियम करून दिलेली मदत शंभर वर्षे चालते. तिथे घेणारा याचक नसतो, सभासद असतो. तुमच्यासारख्या मंडळांचे महत्त्व मला इथेच दिसते. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळात गावाकडून आलेल्या नव्या माणसाला चार दिवस घरी ठेवून घेणे, त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकणे, हे तुमच्यापैकी अनेक घरांत घडले असेल. ते मंडळाच्या जमाखर्चात लिहिलेले नसते, पण मंडळाची खरी शिल्लक तीच असते.

आता एक नवे उदाहरण, कारण ते आमच्या खाणींतूनच आले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट घालून दिली. यापुढे जे लोहखनिज विकले जाईल, त्याच्या विक्रीतला दहा टक्के वाटा एका कायमस्वरूपी निधीत ठेवायचा, पुढच्या पिढ्यांसाठी. कारण खनिज एकदाच निघते. डोंगर पुन्हा वाढत नाही. नॉर्वे देशाने तेलाच्या बाबतीत हेच आधीपासून केले. १९९० मध्ये कायदा केला, १९९६ मध्ये पहिली रक्कम निधीत टाकली, आणि आता दरवर्षी त्यातला साधारण तीन टक्के एवढाच भाग खर्चायचा असा दंडक पाळतात. म्हणजे मुद्दल पुढच्यांचे, आपण फक्त वाढीतले घ्यायचे. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना यातले काही नवे वाटले नाही. बियाण्याचे भात खायचे नाही, हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. आपण चांगल्या दिवसांत ते विसरलो, एवढेच.

२०२२ च्या डिसेंबरपासून खाणींचे लिलाव सुरू झाले. डिचोलीत पुन्हा हालचाल दिसू लागली आहे. तरुण मुले पुन्हा ट्रकाच्या कर्जाचे विचारतात. मी त्यांना नको म्हणत नाही. फक्त विचारतो, फळ्या केव्हा घालणार?

तुम्ही म्हणाल, हे सगळे गोव्यातल्या खाणींचे झाले, आमचा काय संबंध? मला तर संबंध जवळचा दिसतो. आमच्याकडे ट्रक होता, तुमच्याकडे मुला-मुलींचे पॅकेज आहे. दोन्हींचा पाया दूर कुठेतरी, दुसऱ्या देशातल्या मागणीवर आहे. तिकडचा बाजार बदलला, की इकडे एका सकाळी ईमेल येतो. पॅकेजच्या जोरावर वीस वर्षांचे गृहकर्ज, गाडीचे कर्ज, क्रेडिट कार्ड. ही भरती आहे, हे ठीक. भरतीत बार्ज भराभर भरतात, पण वडील म्हणायचे तसे, ओहोटीचे वेळापत्रक जवळ ठेवूनच.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. उपदेश म्हणून नव्हे; आम्हाला ज्या उपयोगी पडल्या त्या.

एक, मुलाचा किंवा मुलीचा पहिला पगार झाला की पेढे वाटा, आणि त्याच दिवशी दुसऱ्यांसाठीचा वाटा ठरवून टाका. शंभरातले दोन असोत, पाच असोत. आकडा लहान चालेल, पण तो पगारवाढीबरोबर वाढला पाहिजे.

दोन, त्याबरोबरच सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा आणि विमा उतरवा. ज्याचे स्वतःचे छप्पर गळते, त्याच्याकडे शेजाऱ्याने निवारा मागू नये.

तीन, जामीन राहायचे तर स्वतः भरू शकाल तेवढ्याच रकमेला, आणि घरात विचारून. नाही म्हणायचे तर स्पष्ट नाही म्हणा. पण त्या माणसाबरोबर बँकेत जा, कागद समजावून द्या. तीही मदतच आहे.

चार, पैशाबरोबर वेळही द्या. आमच्याकडे बंदीच्या काळात सगळ्यात जास्त अडले ते अर्ज भरण्यावाचून. योजना होत्या, पण फॉर्म कोण भरणार, कागद कुठले जोडायचे? आमच्या कार्यालयातले आम्ही चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी पंचायतीपाशी टेबल टाकून बसायचो. खर्च चहाचा. तुमच्यात सनदी लेखापाल आहेत, डॉक्टर, वकील, निवृत्त शिक्षक आहेत. महिन्यातून दोन तास मंडळाच्या खोलीत बसलात, तर अनेकांची अडचण दूर होईल.

पाच, आणि ही सगळ्यात अवघड. आपल्यापेक्षा कमी ऐपतीच्या नातेवाइकांकडे मुलांना घेऊन जा. नुसते लग्नकार्याला नव्हे, राहायला. त्यांच्या घरी खाली बसून जेवा. पाय जमिनीवर राहतात ते चांगल्या विचारांनी नाही, तर जमिनीवर बसण्याच्या सवयीने. ज्या मुलांना काकांच्या घरची अडचण ठाऊक असते, त्यांना मोठेपणी मदत कर म्हणून सांगावे लागत नाही.

आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली आणि परसातली फळे, फुले, भाज्या टांगायच्या. नारळ, सुपारीचा घड, तोरिंजन, काकडी, चिबूड आणि डोंगरावरची कितीतरी रानफळे. यातले बरेच पैशाने दुकानात मिळत नाही. कोणीतरी डोंगर चढून आणावे लागते. ज्याला डोंगर ठाऊक आहे त्याची गरज लागते, आणि तो बहुधा वाड्यावरचा सगळ्यात गरीब माणूस असतो. ज्या वर्षी खाणींचा पैसा भरपूर होता, त्या वर्षीही माटोळीसाठी आम्हाला त्याच्याकडेच जावे लागले. ज्या वर्षी काहीच नव्हते, त्या वर्षीही त्याच्याचकडे. देवाच्या डोक्यावरचे छत श्रीमंताला एकट्याने बांधता येत नाही, याची व्यवस्था आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे.

पैसा खूप मिळवा, सचोटीने मिळवा. मुलांनाही मिळवू द्या. गरिबीत काही पुण्य नाही, हे गरिबी पाहिलेला माणूसच जास्त चांगले सांगू शकतो. फक्त पाणी वाहते आहे तोवर आपल्या वाट्याच्या फळ्या घालून ठेवा, आणि भरल्यावर वरून वाहणारे पाणी पुढच्या गावाचे आहे, हे लक्षात असू द्या.

 कधी गोव्याला आलात तर समुद्र पाहून झाल्यावर एक दिवस आमोण्यालाही या. नदी दाखवीन, वेताळाचे देऊळ दाखवीन, आणि जमल्यास एखादा बंधाराही.

गणपती बाप्पा मोरया!